दुपारची मोजणी

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. सर तिच्यापेक्षा वयाने मोठे, डोक्यावर औषधालाही काळा केस नाही, पण तेसुद्धा ताईच म्हणत. धाकट्या बहिणीने लहानपणी लावलेली ही हाक तिच्या अंगाला इतकी चिकटली होती, की नोकरीवर रुजू होताना तिने स्वतःची ओळख ‘मी ताई’ अशीच करून दिली आणि मग जीभ चावली. तोवर उशीर झाला होता. पुढे एकदा पगाराच्या कागदावरचं तिचं खरं नाव वाचून नव्या कारकुनाने ‘ह्या कोण?’ असं विचारलं, तेव्हा क्षणभर तिलाही सांगता येईना.

तिचं काम म्हणजे दुसऱ्यांना म्हातारं करणं. सरांच्या प्रयोगशाळेत पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाचे सोलर सेल बनत. टपालाच्या तिकिटाएवढी काच, तिच्यावर केसाहून कितीतरी पातळ असा तपकिरी थर, आणि पाठीला सोन्याच्या बारीक पट्ट्या. घरांच्या छपरांवर दिसतात ती पॅनेलं सिलिकॉनची. ती बनवायला धगधगत्या भट्ट्या लागतात, पण एकदा बसवली की वर्षानुवर्षं मुकाट राबतात. हा नवा पदार्थ शाईसारखा पसरून बनवता येतो, उन्हातून वीज काढण्यात सिलिकॉनच्या खांद्याला खांदा लावतो, पण टिकायचं नाव काढलं की त्याचे नखरे सुरू होतात. म्हणून सेल तयार झाले की ते ताईच्या ताब्यात येत. कपाटाएवढी एक बंद पेटी होती. तिच्यात प्रखर दिवे, हवा आणि ओल लागू नये म्हणून सोडलेला नायट्रोजन, आणि भर उन्हाळ्यातल्या छपराची धग. बाहेर जे व्हायला वर्षं लागली असती ते ह्या पेटीत काही महिन्यांत होई, आणि ताई अधूनमधून सेल बाहेर काढून कुणात किती दम उरलाय ते मोजी.

हे सेल का थकतात ते सरांनी तिला सुरुवातीलाच समजावलं होतं. घट्ट पदार्थातले कण आपापल्या जागी गप्प बसतात असं आपण शाळेत शिकतो. ह्या पदार्थाला ते कोणी शिकवलेलं नाही. त्याच्यातले काही कण, ज्यांना आयन म्हणतात, ते विजेचा भार घेऊन फिरत असतात. प्रकाश पडला की ते हळूहळू एका कडेला सरकतात, तिथे गर्दी करतात आणि विजेची वाट अडवतात. अंधार केला की बरेचसे आपापल्या जागी परततात. सर फळ्यावर बाण काढून हे सांगत होते आणि ताई मान डोलावत होती. तिने त्यातून एवढंच घेतलं, की वरून शांत दिसणाऱ्या गोष्टीच्या आत काहीतरी सरकत असतं. तेवढं तिला पुरलं.

मोजायच्या खोलीत उन्हासारखा प्रकाश देणारा एक दिवा होता. त्याला सगळे सूर्य म्हणत. सूर्य एकच आणि विद्यार्थी भरपूर, त्यामुळे दुपारभर त्याच्यापुढे रांग लागलेली असे आणि ‘माझं फक्त पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणत घुसणाऱ्यांची भांडणं चालत. ताईला रांगेत घुसणं जन्मात जमलं नव्हतं. रांगेत ती पुढे असली तरी मागच्याला ‘तुझं होऊ दे’ म्हणे. मग तिने आपली एक सोयीची पद्धत पाडून घेतली. संध्याकाळी घरी निघताना ती पेटीतून सेल काढी, आतून काळं कापड लावलेल्या डब्यात ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन, सूर्य मोकळा असताना, निवांत मोजी. सेल थंड झाल्यावर मोजा, असं सरांनीच सांगितलेलं होतं. रात्रभरात ते चांगलेच थंड होत. शिवाय सकाळचे आकडे कसे स्वच्छ येत, आलेख कसा सरळ निघे. तिला त्याचा अभिमान होता, आणि सरांनाही. ‘आमचे सेल टिकतात’ हे ते पाहुण्यांना सांगत तेव्हा त्यांचा चेहरा बाळाचं कौतुक करणाऱ्या आजोबांसारखा होई.

घरी ती एकटी होती. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि जिन्याचा दिवा, जो लागला तर नशीब. लग्न तिने केलं नाही. आई गेली तेव्हा धाकटी दप्तर सांभाळायच्या वयाची होती, वडील घरात असून नसल्यासारखे, आणि मग धाकटीची वेणी, धाकटीची परीक्षा, धाकटीचं लग्न असं करता करता स्वतःचं काही करायची वेळ कधी निघून गेली ते तिला कळलं नाही. धाकटी आता दुसऱ्या शहरात मोठ्या घरात राहत होती. ताई कामावरून आली की कढई गॅसवरून उतरवून ओट्याशी उभ्या उभ्याच जेवी. एकट्यासाठी ताट मांडणं तिला नाटक वाटे. मग रेडिओ लावी, त्यातला माणूस ‘नमस्कार’ म्हणाला की हिच्या तोंडून पण ‘नमस्कार’ निघे, आणि मग तिचं तिलाच कसंनुसं होई. तिला एकटं वाटायचं. ह्यात कोडं असं काही नव्हतं, पण हे ती कुणाला सांगत नव्हती, आणि धाकटीला तर मुळीच नाही.

धाकटीचा व्हिडिओ कॉल दर रविवारी सकाळी येई. त्यासाठी शनिवारपासून तयारी चाले. शनिवारी ताई लवकर झोपे. रविवारी केस धुई, ठेवणीतला कुर्ता घाली, कॅमेऱ्यात येणारा कोपरा तेवढा आवरून घेई. बाकी खोलीत वाळत टाकलेले कपडे खुर्च्यांवरच राहत. आणि टेबलावर ती दोन कप ठेवी. एक आपला आणि एक कोणा येऊन गेलेल्या मैत्रिणीचा, तळाशी घोटभर चहा उरवलेला. हा चहा तीच ओते. पहिल्यांदा केलं तेव्हा तिला लाज वाटली होती. पुढे सवय झाली. धाकटी विचारी, ‘कोण आलं होतं गं?’ आणि ताई म्हणे, ‘असंच, शेजारची.’

धाकटीचंही सगळं छान चाललेलं असे. मागे फुलं ठेवलेली, ओठांवर रंग, हसरा चेहरा. फक्त मेहुणे कधी दिसत नसत. एकदा ते आंघोळीला गेलेले असत, एकदा गाडी धूत असत. ‘जगातला सगळ्यात स्वच्छ माणूस तुझ्या वाट्याला आलाय,’ असं ताई चिडवी आणि दोघी पोटभर हसत. फोन ठेवला की ताई तो दुसरा कप मोरीत विसळी आणि रविवारचा उरलेला दिवस तिच्या अंगावर येई.

त्या वर्षी हिवाळा सरताना धाकटीने एक विषय काढला होता. ताईची निवृत्ती जवळ आली होती. धाकटीच्या घरात मागच्या बाजूला एक खोली रिकामी होती, खिडकी मोठी, शांत. ‘तू इकडेच ये ना राहायला,’ धाकटी म्हणाली. ताईला क्षणभर वाटलं, आत्ताच पिशवी भरावी. पण जिला आपण हाताला धरून शाळेत सोडलं तिच्या दारात कीव मागायला जायचं, हा विचार आला आणि तिने नेहमीचं वाक्य म्हटलं. मी मजेत आहे, मला इथे माणसं आहेत. धाकटीने दर रविवारी विचारलं आणि ताईने दर रविवारी तेच सांगितलं. शेवटी धाकटी म्हणाली, की मग महिनाअखेर काय ते नक्की सांग, नाहीतर मी भाडेकरू ठेवते. ताईला वाटलं, चला, सुटले. आणि त्या रात्री बराच वेळ तिला झोप आली नाही. एकदा तिथे भाडेकरू आला की हा दरवाजा बंद झाला हे तिला कळत होतं, आणि तो उघडा ठेवायला जे बोलावं लागलं असतं ते तिच्या तोंडून निघत नव्हतं.

महिना संपायला पंधरवडा उरला असताना दुसऱ्या एका संस्थेतून पाहुण्या बाई आल्या. ह्याही सोलर सेलवरच काम करणाऱ्या, आवाज हळू, पायात धावायचे बूट. सरांच्या पद्धतीने त्यांनी तिकडे सेल बनवले होते आणि ते काही केल्या टिकत नव्हते. आपलंच काही चुकतंय असं धरून त्या शिकायला आल्या होत्या. सरांनी त्यांना सगळं दाखवलं. बाईंनी आपल्याबरोबर आणलेल्या तारा पेटीत सोडल्या आणि सेल बाहेर न काढता, दिवे चालू असतानाच, आतल्या आत त्यांची वीज मोजायला सुरुवात केली. ताईने आपली नेहमीची पद्धत चालू ठेवली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे ठरले.

महिन्याच्या शेवटच्या बुधवारी दुपारी सरांनी सगळ्यांना मोजायच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर दोन रेषा होत्या. ताईच्या सकाळच्या ठिपक्यांची रेषा जवळजवळ आडवी, डौलदार. बाईंची रेषा तिच्याखाली बरीच, उतरणीला लागलेली. सेल तेच होते. बाईंनी ताईला विचारलं, की सेल काढल्यावर तुम्ही किती वेळाने मोजता. ताईने सांगितलं, रात्रभर ठेवते, सकाळी सूर्य मोकळा असतो. सांगतानाच तिला सरांच्या फळ्यावरचे ते बाण आठवले.

‘यांनी मोजलंय ते खोटं नाही,’ बाई सावकाश म्हणाल्या. ‘पण ते रात्रभर अंधारात आराम झाल्यावरचं आहे. सरकलेले कण तोवर जागेवर आलेले असतात. छपरावरच्या सेलला कसा आहेस ते भर दुपारीच विचारायला हवं.’

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवून आणखी एक गोष्ट दाखवली. ताईची सकाळची रेषा आडवी दिसते, पण अगदी आडवी नाही. दर वेळी काही थोडे कण परत येतच नाहीत. ते थेट सोन्याच्या पट्टीपर्यंत जातात आणि तिथलं बिघडवून बसतात. सकाळच्या आकड्यात हे इतकं थोडं दिसतं की कोणी मनावर घेत नाही. दिसायला लागतं तेव्हा सेल हाताबाहेर गेलेला असतो.

ताई वाट पाहत होती ती सरांच्या ओरडण्याची. सर ओरडले नाहीत. पुढच्या महिन्यात मोठ्या सभेत ते ह्याच सेलवर बोलणार होते. ते भाषण मागे घ्यावं लागेल, असं ते पाहुण्या बाईंना शांतपणे म्हणाले. मग ताईकडे वळून म्हणाले, की तुमचा दोष नाही, मीच कधी विचारलं नाही; आकडे छान येत होते, मला तेवढं पुरलं. एका विद्यार्थिनीने तिच्यासाठी खुर्ची सरकवली. दुसऱ्याने पाणी आणून दिलं. शिव्या दिल्या असत्या तर तिने त्या पचवल्या असत्या. ही खुर्ची आणि हे पाणी मात्र तिला घ्यावंच लागलं. इतकी वर्षं जी कीव टाळली ती आज सगळ्यांसमोर ओंजळीत येऊन पडली होती, आणि त्याने आभाळ काही कोसळलं नव्हतं, हेही तिच्या लक्षात आलं.

त्या दुपारी तिने प्रथमच सूर्याच्या रांगेत आपली जागा सोडली नाही. पेटीतून काढलेले सेल तसेच, गरम, तिने दिव्याखाली धरले. आकडे वाईट आले. तिने ते तसेच लिहिले. बाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी सहज, स्क्रीनवरून नजर न काढता, विचारलं, ‘आणि तुम्ही कशा आहात?’ ताईच्या तोंडून ‘मजेत’ निघालं, नेहमीसारखं, एका दमात. बाईंनी मान डोलावली आणि पुढचा सेल मागितला. बाईंच्या मनात त्यात काही नव्हतं, पण ताईच्या मनातून ते जाईना.

संध्याकाळची बस भरलेली होती. ताई दांडीला धरून उभी होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. धाकटी तिला नेहमी रविवारी सकाळीच मोजत आली होती. झोप झालेली, केस धुतलेले, कोपरा आवरलेला, टेबलावर दोन कप. बुधवारी कढईशी उभी असलेली ताई तिने कधी पाहिलीच नव्हती, मग तिने ‘मजेत’वर विश्वास ठेवला तर तिची काय चूक? महिना रविवारी संपत होता. रविवारी फोन आला की आपण पुन्हा तेच म्हणू, हे ताईला स्वच्छ कळत होतं, कारण रविवारी ते जवळजवळ खरं वाटायचं.

घरी आल्यावर तिने तोंडावर पाणीसुद्धा मारलं नाही. जिन्याचा दिवा नेहमीप्रमाणे बंद होता, आणि अंधारात तीन मजले चढून तिला धाप लागली होती. तिने सकाळचं उरलेलं कढईत गरम केलं, फोन ओट्यावरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि धाकटीला व्हिडिओ कॉल लावला. घंटा बराच वेळ वाजली. ती आता ठेवणार, तेवढ्यात पडदा उजळला.

‘ताई? आज कसा काय?’ धाकटीचा आवाज घाबरा होता. ‘कोण गेलं?’

‘कोणी गेलं नाही. आज बुधवार आहे म्हणून केला.’

हे ऐकून धाकटीला काही उलगडा झाला असेल असं नाही. पण ताईचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतंच. धाकटी आपल्या स्वयंपाकघरात होती. मागे फुलं नव्हती. केस कसेतरी वर बांधलेले, डोळ्यांखाली काळं, अंगात विटका स्वेटर. आणि एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात चमचा. ती उभ्यानेच जेवत होती. इतक्या मोठ्या घरात ओट्यावर एकच दिवा लागलेला होता.

‘मेहुणे कुठायत?’ ताईने विचारलं.

‘आंघोळी...’ धाकटी म्हणाली आणि थांबली. मग तिने पातेलं खाली ठेवलं. ‘तो गेला, ताई. हिवाळ्याच्या आधीच गेला. त्याच्या कामाच्या ठिकाणची एक आहे. ती मागची खोली त्याचीच होती.’

एवढे रविवार, एवढं हसणं, एवढी ती स्वच्छतेची थट्टा. धाकटी डोळे पुसत नव्हती, नुसतं वाहू देत होती, जशी लहानपणी गुडघा फुटल्यावर करायची. ताईचा हात पदर नसलेल्या कुर्त्याच्या टोकाकडे गेला, पुसायला. मध्ये काच होती.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘कसं सांगू? तू एवढी मजेत. तुझं काम, तुझी माणसं. तुझी ती शेजारची मैत्रीण, रविवारी सकाळी येते ती.’ धाकटीने नाक ओढलं. ‘मला तिचा इतका हेवा वाटायचा ताई. वाटायचं, तिला सोडून तू माझ्याकडे कशाला येशील? एकदा तर मी देवाला म्हटलं, त्या बाईची बदली होऊ दे.’

ताईला हसू आलं. ‘तो कप मीच ठेवायचे,’ ती म्हणाली. ‘त्यातला चहाही मीच ओतायचे. इथे कोणी येत नाही गं. मला फार एकटं वाटतं.’

आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं, तेही अगदी साध्या आवाजात, उद्या पाणी येणार नाही म्हणून सांगावं तसं. पलीकडे धाकटीने पडद्यात निरखून पाहिलं. तिने ताईच्या मागे दारातून दिसणारे खुर्चीवरचे कपडे पाहिले असतील, कढई पाहिली असेल. ताईने फोन जराही हलवला नाही.

‘तू पण उभ्यानेच जेवतेस?’ धाकटीने विचारलं.

‘रोज.’

मग ताईतली जुनी ताई जागी झाली. तिने पायाने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि म्हणाली, ‘बस आधी खाली. आणि पातेल्यातून खायचं नाही, ताटली घे.’ धाकटी निमूटपणे ताटली आणायला गेली. तिच्या मागचं स्वयंपाकघर रिकामं दिसत होतं. खुंटीवर एकच कोट होता. ती परत आली, फोन कशालातरी टेकवून ठेवला आणि समोर बसली.

‘त्या भाडेकरूला नाही म्हणून कळव,’ ताई म्हणाली, आणि फोन तसाच ठेवून दोघींनी आपापलं जेवण संपवलं.